मुक्काम जपान, पोस्ट लोणावळा

तुमच्या चौकात आत्ता कोणाचा फ्लेक्स लागलाय? पुढाऱ्याचा विचारत नाही, त्याचं तो बघून घेईल. कुठल्या मुलाचा, कुठल्या मुलीचा? सैन्यात भरती झालेला, परीक्षेत पहिली आलेली, परदेशी निघालेली? आणि फ्लेक्सवर हसणारं ते पोर आज कसं आहे, हे तुम्ही त्याला शेवटचं कधी विचारलंत?

माझा फ्लेक्स आमच्या गावच्या फाट्यावर लागला होता. त्या फ्लेक्सपायी मला लोणावळ्यातल्या एका मागच्या खोलीत जपानमध्ये राहावं लागलं. वाक्य चुकलेलं नाही. पुढे कळेल.

कामशेतवरून पवनेच्या बाजूला वळलं की आमचं गाव लागतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तळेगावकडच्या एका कारखान्यात कामाला आणि तिथल्या युनियनचे पत्रकवाले. घरात पुस्तकं थोडी होती, पत्रकं मात्र पोत्यांनी. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आणि वाचायला शिकले ती छापलेल्या बाजूवर. ‘कामगार बंधूंनो’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता आलं. सुट्टीत आप्पा मला बेगडेवाडी स्टेशनवर न्यायचे. पाळी सुटून माणसं लोकलला आली की आम्ही दोघं पत्रकं वाटायचो. त्यांचा नियम एकच होता.

“बाकावर ठिवायचं न्हाई, भिंतीला डकवायचं न्हाई, कुनाच्या दारात टाकून पळायचं न्हाई. हातात द्यायचं आन् घेनाऱ्याच्या तोंडाकडं बगायचं. त्याला भांडायचं आसंल तर तुजं तोंड दिसाय पायजे त्याला.”

कुणी चुरगाळून टाकलं तर ते उचलायचं, मांडीवर सरळ करायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. मी ते इतक्या वेळा केलंय की चुरगळलेला कागद दिसला की अजूनही हात पुढे होतो.

एका वर्षी आप्पांनी फ्लेक्सवरच पत्रक काढलं. मथळा होता, ‘चौक आपला, चेहरा कुणाचा?’ वाढदिवसांच्या, निवडीच्या, कुणाच्या तरी आगमनाच्या फ्लेक्सनी गावाची वाट कशी अडवली आहे, यावर दोन्ही बाजूंनी छापलेलं. गावातल्या तरुण मंडळानं ते वाचलं आणि पुढे कित्येक दिवस आप्पांना टपरीवर चहाला कुणी हाक मारली नाही. आप्पा घरी येऊन दोन कप चहा प्यायचे आणि म्हणायचे, बरं झालं, वाचलं तरी.

पुण्यात कॉलेजला मी जपानी भाषा शिकले. कॉलेजची तिथल्या एका विद्यापीठाशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण होती. इथला एक वर्षभर तिकडे, तिथला एक इकडे. माझी निवड झाली. आईनं ही बातमी दळण आणताना गिरणीत सांगितली आणि दोन दिवसांत फाट्यावर फ्लेक्स उभा. ‘मावळची कन्या निघाली जपानला’. मागे बर्फाचा डोंगर, वर विमान, कडेनं गुलाबी फुलं, मधोमध मी. माझा रंग दोन-तीन छटा उजळलेला. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यातली काही मुंडकी माझ्यापेक्षा मोठी.

मी आप्पांना म्हटलं, “तुमचं पत्रक आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“मग?”

“ज्या पोरांनी माजा चहा बंद केलता, त्यांनीच लावलाय, परेमानं. आता त्यास्नी न्हाई म्हनू?”

मी विषय सोडला, कारण ते खूश होते आणि खरं सांगायचं तर मीही. देवळात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. भाषण करणारे म्हणाले, “आता ही यांची पोरगी ऱ्हायली न्हाई, आख्ख्या गावाची झाली.” टाळ्या पडल्या. मीही हसत हात जोडले. परत यायचं की नाही हे ठरवायचा हक्कही त्या टाळ्यांत गावाकडे गेला, हे त्या वेळी लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

जपाननं माझं काहीही वाईट केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी वाईट केलं असतं तर काय करायचं ते मला माहीत होतं. मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

उत्तरेकडचं एक लहान शहर होतं. दिवाळी झाली न झाली तोच बर्फ पडायला लागला. खोली एवढीशी की हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकायची. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे घरमालकिणीनं मला चित्रं काढून समजावलं. वर्गातली मुलं हसून बोलायची आणि तास संपला की वाकून निघून जायची. शिक्षिका दर आठवड्याला विचारायच्या, अडचण नाही ना? मी म्हणायची, नाही. कारण अडचण अशी काही नव्हती. फक्त कुणी दार वाजवायचं नाही. आमच्या गावातही कुणी दार वाजवत नाही, पण ते उघडंच असतं म्हणून.

त्या गल्लीत एक पद्धत होती. सूचनांचे कागद लावलेली एक पाटी घरोघर फिरायची. पाणी कधी बंद राहणार, बर्फ काढायची पाळी कोणाची, कुणाचं मांजर हरवलंय. आपण वाचायची, वाचल्याचा शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवून यायची. पहिल्यांदा ती पाटी माझ्या दाराला लटकलेली दिसली तेव्हा मी ती दारातच उभ्यानं चाळली. ही तर पत्रकं. इथेही पत्रकं फिरतात. मी ती शब्दकोश घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, केस विंचरले आणि शेजारच्या घरी जाऊन बेल वाजवली. हातात द्यायची, तोंडाकडे बघायचं.

दार उघडणारी म्हातारी बाई घाबरली. तिला वाटलं, आग लागली असेल, नाहीतर माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार असेल. तिनं दोन्ही हातांनी पाटी घेतली, पुन्हा पुन्हा वाकली आणि माफी मागितली. कशाची ते मला कळेना, म्हणून मीही मागितली. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या मुठीला सुबक कागदात बांधलेला मिठाईचा डबा लटकत होता. सोबत चिठ्ठी, आपल्याला तसदी पडली याबद्दल क्षमा असावी. मी माणूस भेटेल म्हणून गेले होते. तिला वाटलं, तिच्यामुळे मला बेल वाजवावी लागली.

पुढच्या वेळी पाटी आली तेव्हा मी ती मुठीला अडकवली, जराही आवाज न होऊ देता. नंतर मी आवाज न होऊ देण्यात तरबेजच झाले. जिना उतरताना, भांडी घासताना, रडतानासुद्धा. झोप उडाली. मग तासाला जाणं सुटलं. माझा आवाज मला ऐकू यायचा तो फक्त घरून फोन आला की. आणि घरून फोन आला की आई फाट्यावर उभी असायची, कारण रेंज तिथेच येते.

“हे बग तुजा फ्लेक्स,” ती मोबाईल वर धरून म्हणायची. “येक दोरी सुटली व्हती, पोरांनी परत बांदली. जेवलीस का?”

आईच्या खांद्यामागून मी स्वतःकडे हसत बघत असायची. त्या हसण्यासमोर ‘मला घरी यायचंय’ हे वाक्य तोंडातून निघायचं नाही.

शेवटी ते शिक्षिकांनीच माझ्या तोंडातून काढलं. डॉक्टरांना दाखवलं. घरी जा, विश्रांती घे, जागा राखून ठेवू, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तिथून निघणं अगदी सोपं होतं. लोक काय म्हणतील, असं एकाही माणसानं विचारलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर आई-आप्पा आले होते. गावचं दुसरं कुणी नव्हतं. घाट चढून गाडी लोणावळ्याला आत वळली, कामशेतपर्यंत गेलीच नाही. आई म्हणाली, “चार दिस मावशीकडं ऱ्हा. जरा तब्येत बसू दे.” आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

मावशी शाळेत शिक्षिका, काका बदलीच्या गावी. स्टेशनच्या मागे दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. मागची खोली मला मिळाली. त्या चार दिवसांत थंडी सरली, होळी आली, तरी ते चार दिवसच होते.

नियम आईनं फोनवर सांगितले. खिडकीत उभं राहायचं नाही, आपल्याकडची माणसं लोणावळ्याला येत-जात असतात. मावशी शाळेत गेली की नळ जोरात सोडायचा नाही. शेजारच्या काकूंना सांगायचं, परीक्षेचा अभ्यास करायला आलेय. गावचे फोन घ्यायचे, नाहीतर संशय येईल, पण रात्री आठनंतरचे घ्यायचे नाहीत, कारण जपानात तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. व्हिडिओवर यायचं तर मागे कोरी भिंत आणि अंगात स्वेटर. पंखा बंद, त्याचा आवाज जातो.

त्यामुळे ऐन मार्चच्या दुपारी, खिडक्या लावलेल्या खोलीत, गळ्यापर्यंत लोकर घालून मी जपानमध्ये बसलेली असायची. एकदा आत्याचा व्हिडिओवर फोन आला.

“कशी हायेस गं, जपानवाली?”

“बरी आहे, आत्या.”

“थंडी हाय का लय?”

“खूप.”

“मग घाम कशाचा आलाय?”

“हीटर आहे.”

तेवढ्यात स्टेशनवर घोषणा सुरू झाली. ‘कृपया लक्ष द्या, पुण्याकडे जाणारी...’ मी मोबाईल छातीशी धरला, पण उशीर झाला होता.

“तितं बी मराटीत सांगत्यात व्हय?”

“नाही आत्या. मोबाईलमध्ये भरून आणलंय. गावची आठवण आली की ऐकते.”

“आगं बया. टेशनाची आठवन काडती गं पोर.” आणि आत्या रडायला लागली. रडतारडता म्हणाली, “वरीस काय, जाईल बग निगून. आमी हाय ना हितं. तुज्याकडंच डोळं लावून हाय समदं गाव.”

ती मनापासून बोलत होती. तिथेच तर सगळं अडत होतं. माझ्याविरुद्ध कुणीच नव्हतं. खोलीला कडी होती ती आतून. बाहेरून कुणी कुलूप लावलं असतं तर मी ते फोडलं असतं, किंवा निदान त्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या असत्या. प्रेमानं लावलेल्या कडीवर आमच्या घरातल्या एवढ्या पोत्यांमध्ये एक पत्रक निघालं नसतं.

मावशी संध्याकाळी आली की खिडकीची एक फट उघडायची. मी पाय न वाजवता चालते, कप ठेवताना आवाज होऊ देत नाही, हे ती बघायची. एकदा म्हणाली, “इथे जेवढी जपानी झाली आहेस, तेवढी तिथे झाली असतीस तर परत यावं लागलं नसतं.” मी कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मावशी मात्र मग हसली नाही. म्हणाली, “ताईला सांग आता. पुरे झालं.”

मी आईला विचारलं, किती दिवस?

“वरीस संपस्तोवर. मग आमी इमानतळावर न्याय येतो आसं समद्यांना सांगू, आन् तितनं हार घालूनच आनू.” मग म्हणाली, “पोरं इचारत्यात, तितल्या कपड्यातला येखादा फोटू हाय का? तो किमोनो का काय. स्वागताच्या फ्लेक्सला लागंल म्हनत्यात.”

दुसरा फ्लेक्स. म्हणजे मी या खोलीतून सुटले तरी सुटणार नव्हते. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला, मला न राहिलेल्या वर्षाच्या गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. जन्मभर जपान.

दुसऱ्या दिवशी मावशी शाळेत गेल्यावर मी भाजी चिरायची सुरी पिशवीत टाकली आणि दार ओढून घेतलं. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली.

“झाला का अभ्यास?” त्या म्हणाल्या.

“झाला.”

लोकलनं कामशेतला उतरले. बाजारातून, तांदळाच्या दुकानांसमोरून, तोंड न झाकता चालत गेले. कुणी थांबवलं नाही. पवनेकडे जाणाऱ्या जीपमध्ये आमच्या गावचे एक आबा समोर बसले होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

“कुनाची गं तू?”

“पत्रकवाल्यांची.”

“त्याची पोरगी जपानात आसती.”

“मीच ती, आबा.”

“न्हाई,” आबा ठामपणे म्हणाले. “ती गोरी हाय.”

जीपमधले सगळे हसले. आबा हसले नाहीत. मी कशी दिसते ते त्यांना फाट्यावर रोज दिसलं होतं, त्यापुढे माझा शब्द चालेना.

फाट्यावर उतरले आणि पिशवीत हात घातला. दोन बांबू उभे होते. बांबूंना दोऱ्यांची तुटकी टोकं होती. फ्लेक्स नव्हता.

रस्त्याच्या खालच्या अंगाला ठाकरवाडीतल्या एका बाईचं खाचर आहे, आम्ही तिलाही मावशीच म्हणतो. तिथे भाताच्या पेंढ्याची गंज रचलेली, आणि गंजीवर मी. उलटी. विमान जमिनीकडे, पाय आभाळाकडे, कपाळावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेला धोंडा. ती शेळी बांधत होती.

“मावशी, हा कुठून आणला?”

“येका बाजूनं फाटला व्हता. तुज्या बानंच दोऱ्या कापून दिला. म्हनला, पेंडा झाक, कामाला तरी यील.”

“कधी?”

“थंडी व्हती की लय.” मग तिनं मला नीट बघितलं. “वाळलीस गं. कवा आलीस? पानी पी आदी.”

मी पाणी प्यायले. थंडी होती, म्हणजे मी लोणावळ्यात आले त्याच सुमाराला. ज्या फ्लेक्ससाठी मी स्वेटर घालून घामाघूम होत होते, तो कधीचाच धोंड्याखाली गेला होता.

आप्पांची दुसरी पाळी होती, त्यामुळे ते घरीच होते. ओट्यावर बसून गाडीची साखळी पुसत होते. मला बघून उठले नाहीत. पिशवीतून सुरीची मूठ वर आली होती, तिच्याकडे बघत म्हणाले, “ही कशाला?”

“दोऱ्या कापायला.”

“त्या मी कापल्या.”

“माहीत झालं. मग मला का नाही सांगितलंत? मी तिथे काय करत होते?”

आई आतून आली, आम्हा दोघांना आत बोलावून आधी दार लोटायला गेली. मी म्हटलं, उघडं राहू दे.

आप्पांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “फ्लेक्स उतरवाय येतोय. पर रोज फाट्यावर चार मानसं गाडी थांबवून इचारत्यात, पोरगी काय म्हनती? त्यास्नी काय सांगायचं ते मला लिवता यीना. बसलो व्हतो कागद घिऊन. ‘ग्रामस्थ बंधूंनो’ लिवलं आन् फुडं हातच चालंना.”

मालकांवर, ठेकेदारांवर, पुढाऱ्यांवर रातोरात पत्रक लिहिणारा माणूस. माझा राग तिथेच जायला हवा होता, पण गेला नाही. उलट वाढला. ज्या माणसाला हे लिहिता येत नाही त्याच्यावर नाही, ज्या गावात हे लिहावं लागतं त्याच्यावर.

“लोकं म्हनतील, काय तरी झालं आसंल तितं,” आई म्हणाली. “पोरीची जात.”

“झालंच, आई. मला करमलं नाही. झोप लागेना, आजारी पडले. एवढं झालं. यात लपवायचं काय आहे?”

“आमाला कळतंय गं. लोकांला...”

“लोकांना मी सांगते.”

आप्पांच्या त्याच कागदावर, ‘ग्रामस्थ बंधूंनो’ खाली मी लिहिलं. आधी ‘भगिनींनो’ जोडलं. मग: ‘मी जपानहून परत आले आहे. तिथे मला कुणीही त्रास दिला नाही. मला तिथे राहवलं नाही आणि मी आजारी पडले. मी बरी होत आहे. पुन्हा जायचं की नाही ते ठरलेलं नाही. स्वागताचा फ्लेक्स लावू नये. विचारायचं असेल ते घरी येऊन मला विचारावं. दार उघडं आहे.’

आप्पांनी वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि कामशेतला जाऊन प्रती काढून आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं फाट्यावर उभे राहिलो, त्या रिकाम्या बांबूंपाशी. हातात द्यायचं, तोंडाकडे बघायचं. बेगडेवाडीला परक्यांच्या तोंडाकडे बघणं सोपं होतं. इथे प्रत्येक चेहरा ओळखीचा, आणि प्रत्येकानं कधीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या. एका बाईनं पत्रक घेतलं आणि न वाचताच माझा हात धरून ठेवला. मंडळाच्या एका पोरानं दोनदा वाचलं आणि विचारलं, “मंजी स्वागताचं कॅन्सल?” आप्पा म्हणाले, “कॅन्सल.” जीपमधले आबा आले. त्यांनी कागद लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं.

“मंजी तीच व्हय तू. तितं जाऊन काळवंडलीस.”

सगळं नीट झालं असं सांगणार नाही. बोलायचं ते लोक बोलतात. गिरणीत मी गेले की कधीकधी गप्पा थांबतात. एक पत्रक चुरगळून गटाराकडेला पडलेलं मी स्वतः उचललं. विद्यापीठाचा निरोप आला आहे की माझी जागा अजून आहे. जाईन किंवा जाणार नाही, अजून ठरत नाही. पण या वेळी ठरवताना माझ्यापुढे माझा स्वतःचा हसरा चेहरा टांगलेला नाही.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. हे वाचून झालं की चौकात जा. तिथे एखाद्या पोराचा किंवा पोरीचा फ्लेक्स असेल तर नाव वाचा, नंबर मिळवा आणि फोन करा. ‘काय म्हणतंय जपान’ असं विचारू नका. एवढंच सांगा: तुला तिथे नाही करमलं तर ये, कुणाला काही सांगावं लागणार नाही. फोन ठेवला की घरच्यांना आणि मंडळाला विचारून दोऱ्या कापा. फ्लेक्सचं काय करायचं असा प्रश्न पडलाच, तर आसपास कुणाचा तरी पेंढा उघडा असेल, तो झाका.